शकुनचा खडा

सॉल्ट लेकच्या एफई ब्लॉकमध्ये जाऊन शकुन टिपणीस कुठे राहतात असं विचारलंत, तर कोणी सांगणार नाही. दरवान मान हलवेल, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला विचारात पडेल आणि समोरच्या घोषकाकी तर म्हणतील, अशी कोणी बाई इथे नाहीच. तेच विनीता टिपणीस म्हणालात की तिघंही एकदम हात दाखवतील: पिवळी इमारत, दुसरा मजला, दारावर तोरण. बाई एकच. पण या गोष्टीत मी तिला शकुनच म्हणणार आहे. तिला तसं म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही, आणि ज्यांना म्हणता आलं असतं त्यांनी काय केलं ते पुढे येईलच.

शकुन हे नाव तिच्या आत्यानं ठेवलं. आत्या मिरजेला नर्स होती. बारशाच्या दिवशी ती रात्रपाळी संपवून तशीच एसटीनं सांगलीला आली, घरातल्यांनी ठरवून ठेवलेलं नाव बाजूला सारलं आणि पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात भलतंच नाव सांगितलं. नाव ठेवायचा मान आत्याचा, त्यामुळे कोणाला काही बोलता येईना. घरात शकू, शाळेत शकुन कारखानीस, आणि बी.एस्सी.ला गणितात कॉलेजात पहिली आली तेव्हा फळ्यावर खडूनं लिहिलेलं नावही तेच.

मग लग्न झालं. मांडवात तबकात तांदूळ पसरले. श्यामराव टिपणिसांनी बोटातली अंगठी काढली आणि तांदळावर नव्या नवरीचं नाव लिहिलं. शकुन वाकून बघते तो विनीता. तिला कोणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती. तिच्या निम्म्या मैत्रिणी मांडवात एका नावानं शिरल्या आणि दुसऱ्या नावानं बाहेर पडल्या. “आईची इच्छा होती,” श्यामराव मागाहून म्हणाले. “शकुन म्हटलं की अपशकुन आठवतो म्हणे तिला.” तेव्हापासून सासूबाईंविषयी शकुनच्या मनात जी अढी बसली ती बसलीच. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात तिनं त्यांचं सगळं केलं. वेणीफणीपासून औषधापर्यंत कशात कमी पडली नाही. मायेनं मात्र केलं नाही, आणि हे तिचं तिलाच ठाऊक होतं.

श्यामराव सरकारी बँकेत होते. बदल्या पाचवीला पुजलेल्या. नागपूर झालं, भोपाळ झालं, रांची झालं, शेवटी कोलकाता आलं आणि निवृत्तीही इथेच आली. मुलगी सुरुची न्यू टाउनच्या एका कंपनीत लागली होती, म्हणून मग परत जायचं राहूनच गेलं. माणूस वाईट नाही, असं श्यामरावांबद्दल सगळे म्हणतात आणि ते खोटंही नाही. फक्त कागद जुळला पाहिजे, एवढा एकच त्यांचा धर्म. आधारवर एक नाव आणि पॅनवर दुसरं दिसलं की त्यांनी भल्याभल्यांना काउंटरवरून परत पाठवलंय. घरातलं इंग्रजीही त्यांच्याच खात्यात. शकुनला इंग्रजी येत नव्हतं असं मुळीच नाही. पण अर्ज असो, तक्रार असो, “ते मी बघतो” असं ते म्हणायचे आणि ती बघू द्यायची. सवय लागली की माणूस दार उघडं आहे का हेसुद्धा तपासत नाही.

ते निवृत्त झाले तो उन्हाळा शकुनच्या चांगला लक्षात आहे. दिवसभर घरात नवरा, तोही नुसता बसलेला नाही. पेपर मोठ्यानं वाचणार, मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावणार, कुकरच्या शिट्ट्या मोजून तिला आकडा सांगणार. दुपारचे दोन तास तरी कुठेतरी जाऊन बसावं, असं तिला झालं. ब्लॉकच्या कम्युनिटी हॉलच्या तळमजल्यावर शर्मिष्ठा बागची नावाच्या एका विज्ञानाच्या बाईंनी क्लब काढला होता. शाळेतून लवकर निवृत्ती घेतलेली, मोठ्या कुंकवाची, बोलताना हिंदीतून बंगालीत कधी गेली ते तिचं तिलाही कळू नये अशी. शकुन पहिल्या दिवशी गेली ती केवळ तिथे पंखा चांगला होता म्हणून.

क्लबाचं काम असं. हवाई बेटांवरची एक मोठी दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं चार फोटो काढते. ते फोटो जगभरच्या हौशी गटांकडे येतात आणि गटांनी ते संगणकावर एकामागून एक फिरवून बघायचे. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका चारही फोटोंत थोडाथोडा पुढे सरकत असेल, सरळ रेषेत आणि सारख्या चालीनं, तर तो लघुग्रह. म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात सूर्याभोवती फिरणारे लाखो दगड आहेत, त्यांतला एक. माहितीतल्या दगडांवर संगणक आधीच खूण करून ठेवतो. बिनखुणेचा सरकता ठिपका दिसला, तर तो आजवर कोणी न पाहिलेला असू शकतो.

बहुतेक वेळा तो काहीच नसतो. कॅमेऱ्यातला डाग असतो, नाहीतर चुकार उजेड. क्लबातली तरुण मंडळी चार दिवसांत कंटाळून मोबाईलकडे वळली. शकुन बसून राहिली. तांदूळ निवडताना पांढऱ्यात पांढरा खडा कसा दिसतो, हे कोणाला सांगून कळत नाही. ताटावर नजर फिरवत राहिलं की तो आपोआप वेगळा होतो. तिला हे तसंच वाटलं. “आज किती खडे निवडलेस?” असं श्यामराव संध्याकाळी विचारायचे. पुढे त्यांनाही घरात करमेना, तेव्हा ते तिच्या सोबतीला येऊ लागले आणि गटाच्या यादीत दोघांची नावं लागली. निवडायचं तिनं, आणि सापडलं ते इंग्रजीत लिहून पाठवायचं त्यांनी.

ऑगस्टमधल्या एका घामट दुपारी तो दिसला. खालच्या कोपऱ्यात, दोन ठसठशीत ताऱ्यांच्या मधून वाट काढत, अगदी फिकट. शकुननं फोटो पुन्हा फिरवले, मग पुन्हा. तिनं हळूच शर्मिष्ठाला खूण केली. शर्मिष्ठा चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावून बसली आणि एकदम ओरडली, “नोड़छे! ओटा नोड़छे, विनीतादी!” हलतोय, तो हलतोय. क्लबातले सगळे धावले. कोणीतरी कोपऱ्यावरून गरम सिंगाडे, म्हणजे इथले सामोसे, आणले. शकुनला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिनं आणखी एकदा फोटो फिरवून बघितले. हलत होता.

पण आभाळातला शोध म्हणजे सापडला आणि खिशात घातला असं नसतं. त्याला आधी एक कच्चा नंबर मिळाला: साल, दोन अक्षरं आणि पुढे आकडे, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. त्याची वाट नक्की होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा सापडायला हवा होता, आणि तो मधूनच सूर्याच्या उजेडात शिरून दिसेनासा व्हायचा. मग सव्वा वर्षानं पुन्हा समोर आला की कुठल्याशा वेधशाळेत कोणीतरी त्याला गाठायचं आणि शर्मिष्ठाचा निरोप यायचा. ही उगवण-मावळण वर्षानुवर्षं चालली. एका फेरीला त्याला साडेचार वर्षं लागतात. वाट जराशी लंबगोल, जराशी कललेली. आकारानं म्हणाल तर सॉल्ट लेकच्या चार-दोन ब्लॉकांवर ठेवता येईल एवढा. साध्या डोळ्यांना तो कधीच दिसायचा नाही, घरच्या चांगल्या दुर्बिणीतूनही नाही. तिनं पाहिलेले ते चार ठिपके, बस्स.

तो दिसेनासा झाला की शकुन म्हणायची, “माहेरी गेलाय.” तिनं मनातल्या मनात त्याचं नाव केव्हाच ठेवलं होतं आणि ते फक्त एकाच माणसाला सांगितलं होतं, सांगलीच्या धाकट्या भावाला, अनिलला. अनिल दर रविवारी फोन करायचा. “शकू, तुझी शकुन काय म्हणतेय?” आणि उत्तराची वाट न बघता, “सांगलीवर नाही ना पडायची? गच्चीची डागडुजी आत्ताच केलीय.” आई-वडील, आत्या, मैत्रिणी, सगळे गेले किंवा पांगले होते. तिला शकू म्हणून हाक मारणारं जगात एवढंच एक माणूस उरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी अनिल गेला. झोपेत गेला, कोणाला त्रास न देता. दिवसकार्य आटोपून ती कोलकात्याला परतली आणि रविवारी सकाळी सवयीनं फोन जवळ घेऊन बसली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की गेला तो एकटा अनिल नव्हता. शकुन कारखानीस नावाची जी मुलगी होती, तिला ओळखणारा शेवटचा माणूसही त्याच्याबरोबर गेला.

नेमकी त्याच सुमारास शर्मिष्ठा पेढे घेऊन घरी आली. खड्याला पक्का क्रमांक मिळाला होता. आता त्याला नाव ठेवता येणार होतं.

नाव ठेवायचे नियम तिनं सोफ्यावर मांडी घालून सांगितले. सोळा अक्षरांच्या आत बसलं पाहिजे. कंपनीचं किंवा मालाचं नाव चालणार नाही. राजकारणी असेल तर त्याला जाऊन शंभर वर्षं झालेली हवीत. पाळलेल्या कुत्र्यामांजरांची नावं देऊ नयेत. सुचवलेलं नाव मोठ्या समितीपुढे जातं, ती मान्य करते आणि मग ते जगभर छापलं जातं. “आणि स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही,” ती हसून म्हणाली. “तसा रिवाज नाही. म्हणून विनीतादी, तुम्ही गप्प बसा. गटातले दुसरे सभासद सुचवतील. श्यामदा, तुम्ही पाठवा. सोबत त्यांच्याविषयी दोन ओळी.”

शर्मिष्ठा गेल्यावर शकुन बाल्कनीत जाऊन उभी राहिली. आयुष्यात तिनं नवऱ्याकडे हक्कानं असं फारसं काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा ते आणतील ती. त्या दिवशी मात्र तिनं त्यांना बाहेर बोलावलं आणि समोर उभं राहून सांगितलं.

“माझंच नाव द्यायचं ना? मग शकुन द्या. विनीता नको.”

श्यामरावांनी तिच्याकडे बघितलं. “हे आता कुठून काढलंस?”

“अनिल गेला. आता हे नाव घेणारं कोणी नाही. कुठंतरी राहू दे ते. खाली नाही तर वर राहू दे.”

“बरं.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे हो. लिहितो.” आणि आत जाता जाता त्यांनी वळून विचारलं, “इंग्रजीत कसं लिहायचं? एक यू की दोन ओ?”

“एक यू,” शकुन म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून तिचं नाव प्रथमच लिहिलं जाणार होतं. त्या रात्री तिनं त्यांच्या आवडीचं भरलं वांगं केलं.

मग वाट बघणं आलं. समितीचं काम सावकाश चालतं. मधे तिनं दोनतीनदा विचारलं आणि दर वेळी श्यामराव म्हणाले, “पाठवलंय. येईल.” ते बोलताना जरा जास्तच गोड हसायचे, सुरुचीकडे बघायचे. काहीतरी शिजतंय हे शकुनला कळत होतं, पण सत्काराबित्काराचं काही असेल असं तिनं धरलं. मनात पाल चुकचुकण्याजोगं काही नव्हतं. एक यू की दोन ओ, हे ज्यानं विचारलं त्याच्यावर कोण संशय घेईल?

गेल्या संक्रांतीला कोलकात्यातल्या मराठी मंडळींनी एका हॉलमध्ये तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला होता. हा दरवर्षीचाच. बँकांतले, सरकारी कचेऱ्यांतले, फोर्ट विल्यमला बदलून आलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका, न्यू टाउनची आयटीवाली तरुण जोडपी, असे सगळे जमतात, काळ्या साड्या निघतात, हळदीकुंकू होतं आणि उखाण्यांचा आग्रह होतो. या वेळी शकुनला पुढच्या रांगेत बसवलं. शर्मिष्ठालाही बोलावलं होतं. ती एकटीच पिवळ्या तांतच्या सुती साडीत. सूत्रसंचालन गौरीकडे होतं, मंडळाची चिटणीस, बोलायला चटपटीत. ती म्हणाली, “आज उखाणा बायका घेणार नाहीत. आज टिपणीसकाका घेणार!”

टाळ्या पडल्या. श्यामराव कडक इस्त्रीच्या कुडत्यात स्टेजवर आले. त्यांच्या हातात एक तबक होतं, त्यावर रेशमी रुमाल. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, घसा साफ केला आणि म्हणाले:

“मंगळ आणि गुरूच्या मध्ये फिरतो एक तारा,
विनीताचं नाव घेतो, ऐकतोय कोलकाता सारा!”

हॉल दणाणला. तारा कुठला, दगड आहे तो, असं शकुनच्या मनात आलं आणि ती हसली. विनीता म्हणाले त्याचं तिला काही वाटलं नाही. मंडळात सगळे तिला तेच म्हणतात. तिची नजर रुमालाखाली होती. तबक पाहताच तिला कळलं होतं की तांदूळ असणार. मांडवात हरवलं ते मांडवातल्यासारखंच परत देताहेत, असं तिला वाटलं. एवढं या माणसाला सुचलं? आपण ओळखलंच नाही याला.

गौरीनं तिला हाताला धरून वर नेलं. “काकू, रुमाल काढा.”

तिनं काढला.

तांदूळ सारखे पसरलेले, त्यात अंगठीनं ओढलेली अक्षरं. विनीता.

आणि त्याच क्षणी मागच्या पडद्यावर सुरुचीनं बनवलेलं चित्र झळकलं. सूर्याभोवती ग्रहांची वर्तुळं, मधे एक सोनेरी लंबगोल, क्रमांक, आणि पुढे मोठ्या इंग्रजी अक्षरांत तेच. समितीनं मान्य केलेलं, जगभर छापलेलं. विनीता.

शकुननं तबकाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. श्यामरावांचा चेहरा आनंदानं फुलला होता. लग्नाच्या फोटोत आहे तसाच.

“काकू, आता तुम्ही घ्या!” बायका ओरडल्या. गौरीनं माईक पुढे केला. शकुनला बोलायचं होतं. माईक हातात होता, समोर दोनशे माणसं होती. पण तोंडातून बाहेर पडला तो लग्नात घेतलेला उखाणा, सासरच्या एका बाईनं पाठ करून घेतलेला, उंबरठ्यावरच्या मापाचा आणि श्यामरावांच्या जोडीचा. तो तिच्या नकळत संपला. टाळ्या झाल्या. फोटोंत ती हसतेच आहे.

कार्यक्रम संपला, तिघं गाडीत बसली. सुरुची चालवत होती, श्यामराव तबक मांडीवर धरून बसले होते, तांदूळ हलू नयेत म्हणून त्यावर प्लॅस्टिक ताणून लावलं होतं. ते दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवायचा त्यांचा बेत होता. घरात आल्यावर दार लागलं आणि शकुननं विचारलं.

“मी तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“अगं, तुझंच तर नाव आहे!” श्यामराव म्हणाले. “विनीता म्हणजे दुसरी कोण?”

“मी काय सांगितलं होतं?”

मग कारणं निघाली. आधारवर विनीता, पॅनवर विनीता, पासपोर्टवर विनीता; उद्या कोणी पुरावा मागितला की ही शकुन कोण, तर दाखवणार काय? “मिसमॅच झाला असता,” ते म्हणाले. तिथे कोणी आधार मागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं का, ठाऊक असून ते तसं म्हणाले का, देव जाणे. मग दुसरं कारण: बंगालीत शकुन म्हणजे गिधाड. “पाड्यात, आजूबाजूला, हसले असते लोक.”

“मला ठाऊक आहे काय म्हणजे काय,” शकुन म्हणाली. “म्हणूनच इथे कोणाला सांगितलं नाही मी. तुम्हाला सांगितलं.”

“आई, प्लीज यार,” सुरुची मधे पडली. तिचं बालपण तीन राज्यांत गेलेलं, मराठी घरापुरतं. “बाबांनी इतकं प्लॅन केलं. ते नाव किसको पता है? मला पण तू शकुन अशी वाटतच नाहीस.”

“तुला ठाऊक होतं?”

सुरुची मोबाईल बघू लागली. म्हणजे ठाऊक होतं.

शकुननं शर्मिष्ठाला फोन लावला. शर्मिष्ठानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, एकदा छापून आलं की नाव बदलत नाहीत, दीदी. आणि अगदी हळू आवाजात, “तुम्ही मला का नाही सांगितलंत?” शकुननं घरात सांगितलं होतं, आणखी कुणाला सांगावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिनं फोन ठेवला तेव्हा श्यामराव दुखावल्या आवाजात म्हणत होते, “इतक्या हौसेनं निवडलेलं नाव. तेव्हाही कौतुक नव्हतं, आताही नाही.”

“कोणी निवडलेलं?”

“मी. दुसरं कोण निवडणार?” आणि मग जीभ चावावी तसे ते थांबले.

“सासूबाईंनी निवडलं म्हणाला होतात.”

“अगं, तेव्हा म्हटलं, नवी नवरी, नाराज होशील. आईचं नाव सांगितलं की कोणी बोलत नाही. तिला काय, शकुन चाललं असतं.” ते हसायचा प्रयत्न करत होते. “एवढी जुनी गोष्ट.”

शकुन खुर्चीवर बसली. ज्या बाईनं तिचं काही हिरावून घेतलं नव्हतं, तिच्याशी ती आयुष्यभर कोरडी वागली होती. शेवटी शेवटी सासूबाई तिचा हात धरून ठेवायच्या, आणि ती काम आहे म्हणून सोडवून घ्यायची. आता ते कोणाकडे भरून द्यायचं? नाव गेलं याचं दुःख होतंच; पण या दुसऱ्या गोष्टीनं तिला आतून उभं चिरलं. नवऱ्यानं तिच्या वाट्याचा रागसुद्धा खोट्या पत्त्यावर पाठवला होता.

ती उठली. टेबलावरचं तबक उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेली, प्लॅस्टिक फाडलं, तांदूळ पातेल्यात ओतले. सवयीनं एकदा नजर फिरवून निवडले, तीनदा धुतले आणि कुकर लावला. रात्री पानात वरणभात वाढला. श्यामरावांनी दोन घास खाल्ले आणि त्यांच्या लक्षात आलं की टेबलावर तबक नाही.

“तबक कुठाय?”

“घासून ठेवलंय,” शकुन म्हणाली. “जेवा. निवलेला चांगला लागत नाही.”

सुरुची पान तसंच टाकून उठली. श्यामराव मात्र जेवले. अन्न टाकायचं नाही, हाही त्यांचा नियम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाहेरून हाक मारली, “विनीता, चहा झाला का?” उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला ते पेपर हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले. शकुन ओट्यापाशी चहा गाळत होती.

“ऐकू येत नाही का? विनीता, विनीता म्हणून ओरडतोय मी.”

“विनीता इथे नाही,” ती म्हणाली. “तिला तुम्ही वर पाठवलीत. मंगळ आणि गुरूच्या मध्ये. तिथे हाक पोचत नाही.”

“मग तुला काय म्हणायचं मी?”

तिनं गाळणं बाजूला ठेवलं आणि त्यांच्याकडे वळून बघितलं. काही सांगितलं नाही. आजवर एवढी एकच गोष्ट तिनं त्यांना एकदा सांगून पाहिली होती. श्यामराव उभे राहिले. त्यांचे ओठ हलले. कुकरच्या शिट्ट्या मोजून सांगणारा, भर सभेत उखाणा घेणारा माणूस. पण तेवढी तीन अक्षरं त्यांच्याच्यानं उच्चारवेनात. शेवटी ते म्हणाले, “अगं, चहा दे.”

तिनं दिला.

याला आता वर्ष होत आलं. शकुन दुपारी क्लबात जाते, चार-चार फोटो फिरवत बसते. गटाच्या यादीत तिनं आपलं नाव स्वतः बदलून घेतलंय, आणि सापडलेलं इंग्रजीत तीच लिहून पाठवते. शर्मिष्ठा तिला शकुनदी म्हणायचा प्रयत्न करते, पण जुनी सवय मधेच आडवी येते. खडा सध्या सूर्यापलीकडे आहे. तो माहेरी गेलाय, असं ती आता म्हणत नाही.

श्यामराव घरात ‘अगं’ वर भागवतात. रोज सकाळी त्यांच्यापुढे कप ठेवला की ती क्षणभर तिथेच उभी राहते. ते पेपर वर करतात, “अगं, साखर कमी आहे” असं काहीतरी म्हणतात, आणि ती आत जाते.